घडणावळ, मोड, टंच: सराफाच्या पेढीवरचे शब्द, नवख्यांसाठी

सराफाच्या पेढीवर कानावर पडणारा जवळपास प्रत्येक शब्द शेवटी बिलातला एखादा आकडा हलवतो. त्यामुळे हे शब्द बाराखडीप्रमाणे पाठ करण्यापेक्षा ते ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने समजून घेतलेले बरे. आधी भाव, मग शुद्धता, शिक्का, वजन, घडणावळ आणि बिल. घरातलं जुनं सोनं द्यायचं असेल तर मोडही आलीच. खड्यांची भाषा वेगळी, ती पुढे पाहू.

पहिली पायरी: भाव कशाचा, ते विचारा

दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच असावा: ‘शेठ, हा भाव बावीसचा की चोवीसचा?’ बातम्यांत सांगतात तो भाव बहुतेक वेळा चोवीस कॅरेटचा आणि दहा ग्रॅमचा असतो. दागिना घेताना लागतो तो बावीसचा भाव. चोवीसच्या भावाला ०.९१६ ने गुणलं की बावीसचा भाव साधारण तिथेच यायला हवा. फरक फार दिसला तर कारण विचारा. फलकावरचा भाव करासह आहे की कराशिवाय, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

मग येतो तोळा. आजच्या बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता: बारा माशांचा एक तोळा, आठ गुंजांचा एक मासा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा. हा फरक नुसता माहितीपुरता नाही. आजीच्या वहीत ‘पाटल्या ४ तोळे’ अशी नोंद असेल आणि ती जुन्या मापाची असेल, तर त्या ४६.६५ ग्रॅमच्या आसपास भरायला हव्यात. आजच्या हिशोबाने चाळीस ग्रॅम धरून बसलात तर साडेसहा ग्रॅमहून जास्त सोनं कागदावरच गायब होतं. वाटण्यांच्या वेळी यावरून भांडणंही होतात. उपाय साधा आहे. सगळं ग्रॅममध्ये बोला, तोळा फक्त गप्पांपुरता ठेवा.

दुसरी पायरी: शुद्धता

चोख सोनं म्हणजे चोवीस कॅरेट. गुरुपुष्यामृताला घेतात ती वेढणी आणि नाणी या सोन्याची. पण चोख सोनं मऊ असतं. त्याचा रोज वापरायचा दागिना केला तर तो वाकतो, झिजतो आणि कडी उघडते. म्हणून त्यात तांबं, चांदी, जस्त मिसळतात. चोवीस भागांत बावीस भाग सोनं असलं की बावीस कॅरेट. हेच प्रमाण हजारात सांगितलं की ९१६. दुकानात ‘नऊशे सोळा’ म्हणतात ते हेच. वीस कॅरेट म्हणजे ८३३, अठरा म्हणजे ७५०, चौदा म्हणजे ५८५ आणि नऊ म्हणजे ३७५. हिऱ्यांचे दागिने सहसा अठरा कॅरेटचे असतात. बावीसचं सोनं त्यामानाने मऊ, त्यामुळे खडा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या वाकतात आणि हिरा सुटून पडतो. तेव्हा अठरा कॅरेट म्हणजे फसवणूक नव्हे. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा दागिना अठराचा आणि भाव बावीसचा लावलेला असतो.

याच पायरीवर तीन शब्द नवख्यांना हटकून गोंधळात पाडतात.

‘केडीएम’ ही शुद्धता नाही, जोडकामाची पद्धत आहे. दागिन्याचे तुकडे जोडायला वापरतात त्या मिश्रणाला डाक म्हणतात. डाक दागिन्याच्या आधी वितळावा लागतो, नाहीतर दागिनाच वितळेल. पूर्वी त्यासाठी डाकात तांबं-चांदी भरपूर घालत, पण त्याने एकूण शुद्धता खाली येई. मग कॅडमियम आलं. ते थोडंसं घातलं तरी डाक लवकर वितळतो, त्यामुळे सोन्याचा कस राखता येई. पण कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरला आणि ते वापरातून काढावं लागलं. आज कुणी ‘केडीएम आहे, एकदम शुद्ध’ म्हणालं, तर तो जुना शब्द आहे एवढं समजा आणि शिक्का मागा.

‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ म्हणजे तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा. त्यात ग्रॅमभर सोनं असेलच असं नाही आणि मोडीत त्याला सोन्याची किंमत येत नाही. गावाकडे अशा कुठल्याही दागिन्याला सरसकट ‘बेन्टेक्सचा’ म्हणतात. हौसेपुरता तो छान आहे, गुंतवणूक मात्र नाही.

‘बावनकशी’ म्हणजे अगदी चोख; हा शब्द लावणीत आणि भाषणात शोभतो. बिलावर तो चालत नाही.

तिसरी पायरी: शिक्का वाचा

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. हल्लीच्या शिक्क्यात तीन गोष्टी असतात: भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व शुद्धता (उदाहरणार्थ २२के ९१६) आणि एचयूआयडी. अंगठीत तो आतल्या बाजूला, मंगळसूत्राच्या वाटीला मागे, साखळीला बहुधा कडीजवळच्या पट्टीवर असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग सराफाने दुकानात ठेवायचंच असतं, ते मागायला संकोच करू नका.

आता मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे ॲप उघडून तो एचयूआयडी टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र अशी माहिती येते. बहुतेक लोक ‘नंबर सापडला’ एवढ्यावर ॲप बंद करतात. ते चूक. दागिन्याचा प्रकार वाचा. हातात बांगडी आहे आणि पडद्यावर ‘अंगठी’ असं आलं, तर तो शिक्का त्या दागिन्याचा नाही.

शिक्का शुद्धतेबद्दल बोलतो. वजन, घडणावळ, खड्यांचा खरेपणा यांची हमी तो देत नाही. शिवाय दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव या प्रकारांना सक्तीतून सूट आहे. म्हणजे छोटी चमकी शिक्क्याविना मिळू शकते. तिथे बिलावर कॅरेट लिहून घेणं हाच आधार. हॉलमार्क असलेला दागिना तपासणीत कमी शुद्ध निघाला, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळण्याची नियमात तरतूद आहे. पण त्यासाठी बिल हवं.

चौथी पायरी: वजन

पैसे खरे जातात ते इथे, म्हणून इथे सावकाश चला. काटा रिकामा असताना ०.००० दाखवतो का, काचेचं झाकण लावलंय का, ते आधी पाहा. सोन्याचा काटा ग्रॅमच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत दाखवतो आणि पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो.

सराफ दोन वजनं बोलतो: ‘ग्रॉस’ म्हणजे एकूण वजन आणि ‘नेट’ म्हणजे निव्वळ सोन्याचं. खडे, मोती, काळे मणी, दोरा, लाख वजा केल्यावर उरतं ते नेट. सोन्याचा भाव फक्त नेट वजनाला लागतो.

मंगळसूत्राचंच बघा. त्यात दोन वाट्या, मधले सोन्याचे मणी आणि काचेच्या काळ्या मण्यांची पोत असते. एकदा पोत ओवली की नेट वजन अंदाजानेच सांगावं लागतं. म्हणून गाठवण्याआधी वाट्या आणि सोन्याचे मणी वेगळे काट्यावर ठेवायला सांगा आणि तो आकडा लिहून घ्या. मग पटवेकऱ्याकडे गाठवायला जाऊ द्या. तयार मंगळसूत्र घेत असाल तर काळ्या मण्यांचं वजन किती धरलंय ते विचारा.

बोरमाळेची गोष्ट वेगळी. तिचे मणी पत्र्याचे, आतून पोकळ असतात आणि चेमटू नयेत म्हणून त्यात लाख भरतात. वज्रटिकेतही लाख असते. हातात घेतल्यावर दागिना भारदस्त लागतो, पण त्यातलं काही वजन लाखेचं. ‘लाख वजा करून सोनं किती?’ हा प्रश्न घेतानाच विचारा. मोडायला नेल्यावर लाख जळून जाते आणि तेव्हाचा आकडा पाहून धक्का बसतो. भरीव आणि पोकळ हे दोन शब्दही इथलेच. भरीव गोठ पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. पोकळ बांगडी हलकी, स्वस्त, पण दारात एकदा जोरात आपटली की पोचा येतो आणि तो नीट निघत नाही.

पाचवी पायरी: घडणावळ

दागिना घडवण्याची मजुरी म्हणजे घडणावळ. ती दोन प्रकारे लावतात, ग्रॅममागे ठरावीक रुपये किंवा सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत. मशीनवरच्या साध्या साखळीला कमी. ठुशीसारख्या बारीक मण्यांच्या कामाला किंवा कोल्हापुरी साजाला जास्त, आणि ते रास्तही आहे. साजाची पूर्ण रचना एकवीस पानांची. दशावतारांची दहा, अष्टमंगळाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि एक ताईत, असा हिशोब परंपरेने सांगतात. यातलं प्रत्येक पान वेगळं घडतं. कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ पेठेतला, कारागीर त्यावर बसतो तो वेळ फुकट मिळणार नाही.

टक्क्यांच्या पद्धतीत एक गोम आहे. सोन्याचा भाव वाढला की घडणावळही वाढते, कारागिराचं काम तेवढंच राहतं. म्हणून शक्य तिथे ग्रॅममागचा दर मागावा.

काही ठिकाणी घडणावळीशेजारी ‘घट’ किंवा ‘वेस्टेज’ असा आणखी एक रकाना दिसतो. कानस मारताना, कापताना उडालेल्या सोन्याच्या कणांपोटी लावलेली ती रक्कम. ते कण कारखान्यात गोळा होतात. सराफ कट्ट्याच्या आसपासची माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी त्याच कणांवर पोट भरत आले आहेत. तेव्हा घट आणि घडणावळ दोन्ही लावली असेल तर बेरीज करून एकच टक्का काढा आणि दुसऱ्या दुकानाशी त्याची तुलना करा. ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली की भाव आणि खड्यांची किंमत दोनदा पाहा. माफ केलेली रक्कम बहुधा तिथे सापडते.

सहावी पायरी: बिल स्वतः मांडून पाहा

हिशोबाच्या सोयीसाठी बावीसचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. खड्यांचा हार, एकूण वजन २४.६०० ग्रॅम, खडे १.८५० ग्रॅम. निव्वळ सोनं २२.७५० ग्रॅम, म्हणजे २,२७,५०० रुपये. घडणावळ १२ टक्के, २७,३०० रुपये. खड्यांचे वेगळे ४,००० रुपये. बेरीज २,५८,८००. त्यावर ३ टक्के जीएसटी ७,७६४ रुपये. एकूण २,६६,५६४. हॉलमार्कचं शुल्क दागिन्यामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर एवढंच वर येतं.

आता खडे वजा केलेच नाहीत असं धरा. १.८५० ग्रॅम काचेला सोन्याचा भाव लागला, १८,५०० रुपये. त्यावर घडणावळ २,२२० रुपये. कर सोडून वीस हजार सातशेवीस रुपये जास्त गेले, तेही शिक्का खरा असताना.

पक्क्या बिलावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं असायला हवं. ‘कच्चं बिल घ्या, कर वाचेल’ असं सुचवलं जातं. वाचतात तीन टक्के, पण तक्रारीचा आधार हातचा जातो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, तो सोबत ठेवा.

मोड देताना

जुना दागिना देऊन नवा घेणं म्हणजे मोड घालणं. आधी काट्यावर वजन, मग कॅरेट मीटरवर तपासणी. हे यंत्र क्ष-किरणांनी पृष्ठभाग वाचतं. त्यामुळे जाड मुलामा असेल तर ते जास्त दाखवतं आणि नेमकं जोडावर धरलं तर कमी. म्हणून दागिन्याच्या तीन-चार जागी धरायला सांगा. नक्की आकडा आटवल्यावरच कळतो. आटवणं म्हणजे वितळवून लगड करणं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक हे काम देशभरच्या सराफ पेठांत करतात. आटवलेल्या सोन्याचा कस वरवरच्या तपासणीपेक्षा कमी आला तर लगेच चोरीचा संशय घेऊ नका. जुन्या दागिन्यांत जोड पुष्कळ असतात आणि सगळा डाक वितळून सोन्यात मिसळतो. मात्र आटणी तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी आणि आधी-नंतरचं वजन लिहिलेलं हवं.

हिशोब असा. वीस ग्रॅमची लगड ८५ टक्के निघाली, तर चोख सोनं १७ ग्रॅम. बावीसच्या मापात ते १७ भागिले ०.९१६, म्हणजे सुमारे १८.५६ ग्रॅम. एवढ्या वजनाला आजचा बावीसचा भाव मिळायला हवा. यानंतर पुन्हा ‘तूट’ म्हणून काही टक्के कापत असतील तर थांबा. कस कमी म्हणून एकदा आणि तूट म्हणून दुसऱ्यांदा, अशी एकाच कमतरतेची दुहेरी कापणी होतेय का, ते स्पष्ट विचारा. खडे आटवण्याआधी काढून परत मागून घ्या. जुन्या नथीतले मोती कधीकधी सोन्याहून मोलाचे असतात.

खड्यांची भाषा

इथे कॅरेट हा शब्द अर्थ बदलतो. सोन्यात तो शुद्धता सांगतो, खड्यात वजन: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्याचे शंभर भाग म्हणजे सेंट. ‘पन्नास सेंटचा हिरा’ म्हणजे अर्धा कॅरेट. गोल पैलूंचा एक कॅरेटचा हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा दिसतो. ज्योतिषी मात्र रत्तीत सांगतात आणि रत्ती सगळीकडे एकच नसते. बिलावर कॅरेटच लिहून घ्या.

नावांतही घोळ आहे. माणिक, नीलम आणि पुष्कराज हे तिन्ही कुरुविंद या एकाच खनिजाचे रंग, कठीणपणा ९. टोपाझ नावाचा दुसराच खडा पुष्कराज म्हणून खपवतात, तसाच पिवळा स्फटिक ‘सुनेला’. दोन्ही खडे वाईट नाहीत, किंमत मात्र कितीतरी कमी. पाचू म्हणजे हिंदीतला पन्ना. त्यात नैसर्गिक भेगा असतात, त्या दिसू नयेत म्हणून तेल भरण्याची रीत आहे. त्यामुळे पाचूचा दागिना गरम साबणाच्या पाण्यात किंवा कंपनांनी साफ करणाऱ्या यंत्रात टाकला की तेल निघतं आणि भेगा उघड्या पडतात. ‘खडा खराब झाला’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. माणकात काच भरलेली असू शकते, तेही प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. मोती आणि पोवळं मऊ, आम्लाने खराब होणारे. अत्तर मारून झाल्यावर घाला, काढल्यावर मऊ कापडाने पुसा.

अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनिया, हिरा नव्हे. मॉइसनाइटही हिरा नव्हे, पण उष्णता ओळखणाऱ्या साध्या टेस्टरला तो हिराच वाटतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र खरोखर हिराच असतो, फक्त खाणीतला नसतो आणि तो परत विकताना भाव फार पडतो. टेस्टर वाजला म्हणून पैसे मोजू नका. प्रमाणपत्रावर नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, ते वाचा.

चांदी आणि पांढरे धातू, थोडक्यात

चांदीत शुद्धता टक्क्यांनी बोलतात, तिला टंच म्हणतात. हुपरीच्या पैंजणांपासून देवघरातल्या समईपर्यंत प्रत्येकाचा टंच वेगळा असू शकतो, कारण नाजूक साखळीकामात जोड जास्त येतात. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. घेताना आणि परत देताना टंच किती धरणार, दोन्ही विचारा. चांदी काळी पडली म्हणजे खोटी निघाली असं नाही, हवेतल्या गंधकाने ती काळवंडतेच. पांढरं सोनं म्हणजे प्लॅटिनम नव्हे. ते सोनंच असतं, वर ऱ्होडियमचा थर. काही वर्षांनी तो झिजून पिवळट छटा दिसते आणि पुन्हा थर द्यावा लागतो. प्लॅटिनमच्या दागिन्यावर बहुधा ९५० असा आकडा असतो.

माप आणि बारीक भाग

बांगडीचं माप ‘दोन चार’, ‘दोन सहा’, ‘दोन आठ’ असं सांगतात. हे दशांश नव्हेत. दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. दोन चार म्हणजे सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. दोन सहा म्हणजे ६०. दोन आठ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. ऑनलाइन मागवताना २.४ इंच समजून मागवलं की बांगडी हातातून निसटते. माप आतल्या व्यासाचं असतं आणि गोठ-पाटल्यांना बांगडीपेक्षा किंचित सैल माप घ्यावं, कारण त्या रुंद असतात.

कानातल्याला मागे फिरकी की हूक, तेही आधीच ठरवा. फिरकीचं मळसूत्र झिजलं की ती आपोआप सुटते, म्हणून दोन-तीन आटे नीट बसतात का ते पेढीवरच फिरवून पाहा. साखळीची झीज सगळ्यात आधी कडीशी होते. वर्षातून एकदा कडी आणि डाकाचे जोड भिंगाखाली दाखवून घ्या, आणि पोतीचा दोरा मऊ पडलेला दिसला की तो तुटण्याआधीच पटवेकऱ्याकडे द्या.